बेवारस कपाटातली चादर

१

रुळाचं हँडल नाहीसं झालं आणि लॉन्ड्रीतल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

ही लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे गाडीने येतात, मोठाल्या यंत्रांत धुतल्या जातात आणि शेवटी वाफेवर तापलेल्या लांबलचक रुळाखालून कडक होऊन बाहेर पडतात. रूळ जुना आहे. चादर अडकली तर तो उलटा फिरवायला हातभर लांबीचं एक लोखंडी हँडल असतं. ते आपल्या खोबणीत बसलेलं असेल तरच यंत्र सुरू होतं. त्या सकाळी खोबण रिकामी होती, ओल्या चादरींचे ढीग वाढत होते आणि इस्पितळातून सारखे फोन येत होते.

मी नेमकी त्याच वेळी हातात बॅग घेऊन दारात उभी राहिले.

माझा धंदा असा आहे की मी कुणालाच आवडत नाही. कामगारांचा नवा कायदा आला की मी गावोगाव फिरते, मालकांना तो समजावून सांगते आणि त्यांच्याकडून पाळवून घेते. मालकांना वाटतं मी कामगारांच्या बाजूची, कामगारांना वाटतं मी मालकाची हेर. या लॉन्ड्रीत माझं नाव 'कायदेबाई' पडलं होतं. मला ते माझ्या खऱ्या नावापेक्षा बरं वाटायचं, कारण ते निदान कुणीतरी हाक मारायला वापरत होतं. लॉजवर उतरायचं, परक्या चादरीवर झोप येत नाही म्हणून स्वतःची चादर सतत बरोबर बॅगेत बाळगायची आणि काम संपलं की पुढच्या गावाला जायचं, असं माझं चाललं होतं.

"आत्याला बोलवा," मालक म्हणाले. घामाने त्यांचा चष्मा सारखा घसरत होता. "तिच्याशिवाय या रुळाचं कुणाला काही कळत नाही."

आत्या म्हणजे रुळावरची सगळ्यात जुनी बाई. मालकांच्या वडिलांच्या वेळची. सगळी लॉन्ड्री तिला आत्याच म्हणायची. तिने आजवर एकदाही रजा घेतली नव्हती, आणि नव्या कायद्याने कायम कामगाराला वर्षातून एकदा सलग पगारी रजा देणं भाग होतं. ती साठवता येत नाही, नको म्हणता येत नाही. गेल्या आठवड्यात आत्या माझ्याशी भांडभांड भांडली होती. मी बधले नाही. आज तिच्या रजेचा पहिलाच दिवस होता.

"नाही बोलवायचं," मी म्हणाले. "रजेवरच्या माणसाला कामावर बोलावलं तर रजा मोडली असं धरतात. दंड तुम्हाला."

"अहो, नुसतं विचारतो तरी!" म्हणत मालकांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

पहिल्याच रिंगला तो उचलला गेला.

"आत्या, तो रूळ चालू होत नाहीये बघ—"

"येते मी. निघतेच."

मी पुढे वाकून बोलले, "आत्या, तुम्ही रजेवर आहात. यायचं नाही. आराम करा."

पलीकडे जरा वेळ शांतता होती. अगदी स्वच्छ शांतता, मागे भांड्याचाही आवाज नाही. मग आत्या हळू आवाजात म्हणाली, "बरं. सूनबाई पण तेच म्हणते, घरी बसा म्हणून. नातू झोपलाय, म्हणून हळू बोलतेय." आणि फोन बंद झाला.

"घ्या," मालक वैतागले. "हँडलबद्दल विचारायचं राहूनच गेलं."

तेवढ्यात मागच्या खोलीतून मुकादमाचा आवाज आला. त्या आवाजात आनंद होता, आणि तो काही हँडल सापडल्याचा नव्हता.

"सापडलं! कुणाच्या पिशवीमागं सापडलं, ते पण येऊन बघा."

२

मागच्या खोलीत एक हिरवं लोखंडी कपाट होतं. ज्या चादरींवरची गिऱ्हाइकाची खूण धुऊन धुऊन पुसली गेली, त्या तिथे ठेवायचे. सगळे त्याला बेवारस कपाट म्हणायचे आणि सहसा कुणी उघडायचं नाही. मुकादमाच्या हातात तिथलीच एक चादर होती, नीट घडी केलेली. घडीच्या पोटातून त्याने हँडल बाहेर काढलं. कपाटात खालच्या कप्प्यात एक कापडी पिशवी होती.

"ही कुणाची?" मालकांनी विचारलं.

"माझी," दारातून आवाज आला.

ती बदली होती. ठेकेदाराने पाठवलेली हंगामी कामगार. जो रजेवर जाईल त्याच्या जागी उभं राहायचं, म्हणून तिला सगळे बदलीच म्हणत. आज ती यंत्रावर, उद्या बांधणीवर, आणि गेले काही महिने रुळावर आत्याच्या हाताखाली. दुसऱ्याच्या जागी, दुसऱ्याचा एप्रन घालून, दुसऱ्याच्या कपातून चहा प्यायचा. मला तिच्याबद्दल आधीपासूनच जरा आपलेपणा होता, आणि तो कशामुळे हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

"पिशवी इथे का ठेवतेस?"

"बाहेरच्या खुंट्या कायम लोकांच्या आहेत ना. मुकादमांनी दोनदा माझी पिशवी काढून खाली ठेवली. मग मी इथे ठेवायला लागले. कुणाच्या अध्यातमध्यात नको."

"आणि काल रूळ बंद कुणी केला?" मुकादमाने विचारलं.

"मी. आत्या शिकवत होत्या. पण हँडल खोबणीत होतं. शपथेवर सांगते."

मुकादमाने मालकांकडे पाहिलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मला पुढचं सगळं दिसायला लागलं.

नव्या कायद्यातली दुसरी गोष्ट अशी, की हंगामी माणूस एका जागी ठरलेला काळ सलग राबला की त्यालाही पगारी रजा मिळते आणि कायम होण्याचा हक्क लागू होतो. मध्ये खंड पडला की मोजणी परत पहिल्यापासून. बदलीचा काळ याच आठवड्यात पुरा होत होता.

"संध्याकाळी ठेकेदाराची गाडी येते," मालक म्हणाले. "तिला पाठवून देतो. चोरीचं कारण आहे. आता नाही म्हणू नका, बाई."

"कारण खरं असेल तर मी नाही म्हणणार नाही," मी म्हणाले. "खोटं असेल तर तुम्ही तिचा हक्क बुडवायला ते रचलं, असं कुणीही म्हणेल. आणि तुमचा सल्लागार म्हणून पहिली मीच म्हणेन. गाडी येईपर्यंत मला वेळ द्या."

बदली कपाटापाशी तशीच उभी होती. तिने पिशवी उचलून छातीशी धरली. आता ती ठेवायला कुठेच जागा नव्हती.

३

हँडल खोबणीत बसलं, रूळ गरम झाला, चादरी सरकायला लागल्या. मी मालकांच्या खोलीत एक एक माणूस बोलावला.

पहिला मुकादम. पोट सावरत बसला आणि बसल्या बसल्या शर्टाची बटणं चाचपू लागला.

"तुम्हाला ती का नको आहे?"

"मला कशाला नकोशी होईल?"

"तुमची मेहुणी कामाच्या शोधात आहे असं ऐकलं."

त्याचा चेहरा पडला. "म्हणून मी काय हँडल लपवीन? रूळ बंद पडला तर बोलणी मलाच बसतात, बाई. इस्पितळवाल्यांनी सकाळपासून माझं डोकं खाल्लंय."

ते खरं वाटत होतं. "काल शेवटी कोण गेलं?"

"रोजच्यासारखंच. सगळे गेले, मग बदली गेली. दिवे आत्या मालवते, ती बाहेर आली की मी कुलूप लावतो. काल तर निरोप द्यायला मी मुद्दाम थांबलो होतो. रजेच्या शुभेच्छा दिल्या तर म्हातारी बोललीसुद्धा नाही."

"मागच्या शटरची किल्ली?"

"ती ड्रायव्हरकडं असते. पहाटे येऊन गाडी भरतो तो."

दुसरे मालक. ते मी न विचारताच बोलायला लागले. "मला ती कायम व्हायला नको आहे, हे मी लपवत नाही. एकाला कायम केलं की सगळे रांगेत उभे राहतील. पण मला तिला घालवायचंच असतं तर गेल्या महिन्यात घालवलं असतं. तुम्ही यायच्या आधी." एवढं उघड बोलणारा मालक मी प्रथमच पाहत होते. ते खोटं बोलत नव्हते, इतकं कळण्याइतपत माझा अनुभव होता.

तिसरा ड्रायव्हर. उंच, गप्प, दाढी वाढलेला. बायको सोडून गेल्यापासून एकटा राहतो, हे तो बसायच्या आधीच मला दोघांनी सांगून झालं होतं.

"पहाटे शटर उघडलंत तेव्हा रूळ पाहिलात का?"

"नाही. मी गठ्ठे उचलतो आणि जातो."

"बदलीशी भांडण?"

"तिच्याशी माझं भांडण व्हायला आधी बोलणं तरी व्हायला पाहिजे." मग थोडं थांबून म्हणाला, "माझं इथं कुणाशीच बोलणं होत नाही."

तो उठला. माझ्या लक्षात आलं की मी तिघांना प्रश्न विचारत होते, पण ज्या गोष्टीत हँडल सापडलं तिला काहीच विचारलं नव्हतं. मी बेवारस कपाटातली ती चादर मागवली.

४

आधी हँडल पाहिलं. खोबणीतून काढून पुसलेलं होतं, आणि वर तेलाचा पातळ हात फिरवलेला होता. गंज लागू नये म्हणून लोखंडाला लावतात तसा. ज्याला लॉन्ड्रीचं वाकडं करायचं आहे, तो हँडलला तेल कशाला लावील? हे ज्याने लपवलं त्याला ते पुन्हा चालायला हवं होतं.

मग चादर. घडी अगदी सुरेख, काठाला काठ जुळलेला. पण एका टोकाला, जिथे दोन्ही कोपरे एकावर एक येतात, तिथे बोटभर लांबीची मोड होती. चिमटीत घट्ट पकडून ओढल्यासारखी. अशी घट्ट मोड घडीत तशीच बसून राहते.

मी बाहेर येऊन रुळापाशी उभी राहिले. इथे चादर कुणी एकटं घडी करत नाही. एकजण एक टोक धरते, "धर गं" म्हणून हाक जाते, समोरची दुसरं टोक धरते, दोघी जवळ येतात, लांब जातात, पुन्हा जवळ येतात. दिवसभर चाललेलं असतं. शेकडो घड्या झाल्या, पण मी पाहिलेल्या एकाही चादरीवर तसली मोड नव्हती.

म्हणजे ही घडी एकट्या माणसाने केली होती, बाकी सगळे निघून गेल्यावर. आणि ती इतकी सफाईदार होती की त्या माणसाला एकट्याने घडी घालायची चांगली सवय होती.

मी एक चादर घेऊन सगळ्यांना आळीपाळीने आत बोलावलं. "घडी करा. एकट्याने."

मुकादमाने तिचा बोळा केला, काखेत धरला आणि म्हणाला, "झाली." मालकांनी ती टेबलावर पसरली, चहा सांडला, आणि शेवटी दोन्ही हात वर केले. बदलीने दोन कोपरे धरले आणि थांबली. इकडे तिकडे पाहिलं.

"दुसरं टोक कोण धरणार?"

"कुणी नाही. घरी कशी करतेस?"

"घरी काय, चार बहिणी आहेत. एक हाक मारली की सगळ्या येऊन धरतात. खोली एवढीशी, चादर उघडली की भिंतीलाच लागते." आणि त्या दिवसात पहिल्यांदा ती हसली.

शेवटी ड्रायव्हर. त्याने चादर हातात घेतली, न विचारता मध्यावर हनुवटीखाली धरली, दोन्ही हातांनी टोकं जुळवली आणि क्षणात सुबक चौकोन करून माझ्यासमोर ठेवला.

मुकादम दारातून म्हणाला, "एकटाच राहतो ना तो. किल्लीही त्याच्याकडंच. झालं की मग!"

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. असं काहीतरी होणारच होतं, असं त्याचे डोळे म्हणत होते.

मी त्याची घडी उलगडली. एकदा, दोनदा, उजेडात धरून पाहिलं. कुठेही मोड नव्हती. हनुवटीने चादर चुरगळत नाही.

"ड्रायव्हर नाही," मी म्हणाले. "पण ही मोड कशाची, ते मला अजून..."

ते वाक्य मी पुरं केलं नाही. ती मोड मी कुठेतरी पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, रोज पाहत होते. मी माझी बॅग उघडली आणि लॉजवर अंथरायची माझी स्वतःची चादर बाहेर काढली.

त्याच जागी तीच मोड होती.

५

एकटं राहणारी बाई चादरीची घडी कशी करते, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. कपाटाचं दार उघडायचं, चादरीचे दोन्ही कोपरे फटीत ठेवायचे, दार घट्ट लावायचं आणि दुसऱ्या टोकाने चादर ताणायची. कपाट समोरच्या माणसासारखं धरून राहतं. नवरा गेल्यापासून मी असंच करत आले आणि आपण हे करतो हेही विसरून गेले होते.

बेवारस कपाटाच्या दाराला लोखंडी काठ होता. ज्याने हँडल लपवलं त्याच्या हातांनी घरच्या सवयीने तिथेही तसंच केलं होतं, बहुधा न कळत.

पण इथे घरी एकटं कोण? ड्रायव्हर सोडला तर सगळ्यांची घरं भरलेली. निदान सगळ्यांना तसं माहीत होतं.

मग मला सकाळचा फोन आठवला. पहिल्याच रिंगला उचललेला. शाळेत जाणारा, तरी शाळेच्या वेळेला झोपलेला नातू. ज्या घरात सून आहे, मूल आहे, तिथे न वाजलेलं एकही भांडं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मी कान उघडे ठेवून ऐकूनही ऐकली नव्हती. जिने सारा जन्म त्या रुळाशेजारी काढला, तिला मालक म्हणाले रूळ चालू होत नाही. तिने विचारलंच नाही, काय झालं म्हणून. ती फक्त म्हणाली, येते मी.

शेवटी दिवे मालवून बाहेर येणारीही तीच.

मी मालकांकडून पत्ता घेतला. "रजेवरच्या माणसाकडे कामासाठी जायचं नसतं ना?" त्यांनी टोमणा मारला.

"मी चहाला जातेय," मी म्हणाले.

जिना अरुंद होता. मी दार वाजवायच्या आतच ते उघडलं. आत्या कामाच्या कपड्यांत उभी होती, केस चापून बसवलेले, एप्रन हातावर, पायांत चपला.

"आलात न्यायला? मी तयारच आहे."

मी आत गेले. एक खोली. एक खाट, एक खुर्ची, एक लोखंडी कपाट, मोरीपाशी उपडी घातलेली एक ताटली. खुर्चीवर फोन, आणि खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली. खाटेवर घडी केलेल्या चादरींची चळत होती, घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या. सकाळपासून ती त्याच उलगडून पुन्हा घडी करत बसली असावी. वरच्या चादरीच्या टोकाला मोड होती.

"सूनबाई बाहेर गेल्यात?" मी विचारलं.

आत्या खाटेच्या कडेला बसली.

"गेली. लांब गेली, मुलगाही गेला. नातू बोलतो कधीमधी फोनवर, पण त्याला माझं बोलणं नीट कळत नाही." ती एप्रनची नाडी बोटाला गुंडाळत होती. "तिथं सगळ्या घरचं बोलतात. सासू असं म्हणाली, पोरानं तसं केलं. आपण काय बोलायचं? मग मी पण बोलायला लागले. सुनेनं डबा दिला, नातवानं पाटी फोडली. इतकी वर्षं सांगतेय की तो नातू आता माझ्याच डोळ्यांसमोर यायला लागलाय."

"आणि हँडल?"

तिने नाकारलं नाही. "मला वाटलं, दुपारच्या आत बोलावतील. मी जाईन, जरा शोधल्यासारखं करीन, मग काढून देईन. सगळे म्हणतील, आत्याशिवाय चालत नाही. तुम्ही पण म्हणाल, राहू दे ती रजा." तिने माझ्याकडे पाहिलं. "कायदेबाई, रजा म्हणजे तुम्हाला सुट्टी वाटते. मी इथं सकाळपासून या खुर्चीत बसलेय."

कायद्यात या खुर्चीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

"आत्या, हँडल बदलीच्या पिशवीमागे सापडलं. संध्याकाळी तिला काढतायत. चोरीवरून."

"तिच्या पिशवीमागं? ती पिशवी तिथं कशाला ठेवील?"

"तिला खुंटी नाही."

आत्याने बोटाला गुंडाळलेली नाडी सोडली.

"रोज माझ्यासमोर उभी असते," ती म्हणाली. "माझ्या चादरीचं दुसरं टोक तीच धरते. पण तू पिशवी कुठं ठेवतेस, हे मी तिला कधी विचारलं नाही."

मी तिला खरं काय ते सांगितलं. कबूल केलं तर मालक तिला कामावरून काढू शकतील आणि कायदा तिला फारसं वाचवणार नाही. गप्प राहिली तर बदली जाईल आणि तिची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, तीसुद्धा तिला कुणी कामावर घेतलं तर. त्या खोलीकडे पाहून मला कळत होतं की मी तिच्याकडून काय मागत होते. कामाशिवाय तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

आत्या उठली. तिने फोन पिशवीत टाकला.

"चला," ती म्हणाली. "चपला घातलेल्याच आहेत."

६

ठेकेदाराची गाडी अंगणात येऊन उभी होती. बदली पिशवी घेऊन पायरीवर बसली होती आणि आत जाणारे येणारे तिच्याकडे न पाहता जात होते.

आत्या सरळ रुळापाशी गेली आणि सगळ्यांसमोर बोलली. हँडल कसं काढलं, कुठे ठेवलं. घरात सून नाही, नातू नाही, डबा मीच भरते, हेही सांगून टाकलं. ते तिला कुणी विचारलं नव्हतं. रुळावरच्या बायका मान खाली घालून उभ्या राहिल्या. मुकादम शर्टाची बटणं चाचपत राहिला.

मालकांचा चेहरा लालबुंद झाला. "आत्या, अख्ख्या सकाळचं काम बुडवलंस तू! आज दुसरं कुणी असतं तर..." या बाईने त्यांना लहानपणी याच चादरींच्या ढिगात झोपवलं होतं, असं मी ऐकून होते. ते माझ्याकडे वळले. "बाई, हिला मी काय शिक्षा करू शकतो?"

"ताकीद द्या, नाहीतर काढून टाका. तो तुमचा हक्क आहे. पण बदलीला काढायचं कारण आता उरलं नाही."

मालकांनी हात हलवून ठेकेदाराच्या माणसाला परत जायला सांगितलं. मग चष्मा पुसत पुसत म्हणाले, "ताकीद. आणि शिक्षा म्हणून पूर्ण रजा घ्यायची. एक दिवस आधी जरी इथं दिसलीस, तर माझ्याशी गाठ आहे."

सगळे हसले, सुटल्यासारखे. आत्या मात्र हसली नाही. त्यांनी खरंच शिक्षा दिली आहे, हे तिला आणि मला दोघींनाच कळलं होतं.

बदली आत आली. ती आत्यासमोर उभी राहिली.

"सकाळपासून मला चोर म्हणतायत. सगळे. आणि तुम्ही घरी बसून होता."

"हो," आत्या म्हणाली.

"मला वाटलं तुम्ही असता तर तुम्ही तरी म्हणाला असता, ही असं करणार नाही."

आत्याने यावर माफीसुद्धा मागितली नाही. तिने बदलीच्या हातातून पिशवी घेतली, खुंट्यांकडे गेली, आणि इतकी वर्षं तिची स्वतःची पिशवी जिथे असायची तिथे ती अडकवली. या वेळी मुकादमाने ती खाली काढली नाही. मग आत्या दाराकडे निघाली.

रुळाखालून एक चादर गरम गरम बाहेर आली. बदलीने दोन कोपरे धरले. समोरच्या बाया ढिगांवर गेल्या होत्या, दुसरं टोक लोंबत होतं.

"धरा," बदली म्हणाली. ती कुणाकडेच पाहत नव्हती.

आत्या दारात थांबली. तिने आधी त्या लोंबत्या टोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रजेवरच्या माणसाला कामाला हात लावू द्यायचा नाही, हे मीच या लॉन्ड्रीत सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं.

मी पाठ फिरवली आणि भिंतीवरचं वेळापत्रक मोठ्या लक्षाने वाचू लागले. मागे चपलांचा आवाज जवळ आला. चादर फडकली, पावलं जवळ आली, लांब गेली, पुन्हा जवळ आली. बदली हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली. मला एवढंच ऐकू आलं की संध्याकाळी घरी असाल ना, आणि आत्या म्हणाली, "मी कुठं जाणार आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॉज सोडला. त्याआधी सवयीप्रमाणे चादर झटकली, कपाटाचं दार उघडलं आणि कोपरे फटीत ठेवले. खोलीत कुणी नव्हतं, बाहेरच्या रस्त्यावर गाड्या चालू झाल्या होत्या.

"धर गं," मी मोठ्याने म्हणाले.

कपाटाने धरलं.